इथेरियम, कार्डानो की सोलाना: ब्लॉक बनवणारा नोड कुठे चालवावा?

इथेरियम, कार्डानो आणि सोलाना ही क्रिप्टो नेटवर्कं. त्यांच्या व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, बनवून साखळीला जोडणारं मशीन म्हणजे नोड. तो चालवायचं मनात आलं की पहिली चौकशी होते ती वार्षिक परताव्याची. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी करावी. नेटवर्क तुमच्याकडून काय मागतं आणि चुकलात तर काय कापून घेतं, हे आधी बघावं. इथेरियमला तुमचं स्वतःचं भांडवल हवं असतं, कार्डानोला इतरांचा विश्वास. सोलानाला मोठं मशीन लागतं आणि रोजचा खर्चही.

इथेरियमवर १५ सप्टेंबर २०२२ला मायनिंग, म्हणजे संगणकाची ताकद लावून ब्लॉक बनवणं, संपलं. आता ३२ ईथर (इथेरियमचं नाणं) अडकवले की स्वतःचा व्हॅलिडेटर, म्हणजे ब्लॉक बनवणारा आणि तपासणारा नोड, सुरू करता येतो, आणि तो घरून चालतो. ३२ जीबी रॅम, चार टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि स्थिर इंटरनेट एवढं पुरतं. एसएसडीत मात्र काटकसर नको. स्वस्त ड्राइव्हवर नोड सतत चेनच्या मागे राहतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. मशीनवर दोन सॉफ्टवेअर लागतात: व्यवहार चालवणारा एक एक्झिक्युशन क्लायंट, म्हणजे गेथ, नेदरमाइंड किंवा बेसू, आणि जोडीला नेटवर्कशी एकमत राखणारा एक कन्सेन्सस क्लायंट, लाइटहाउस, टेकू, निम्बस यांसारखा. शक्यतो सगळे वापरतात तो क्लायंट टाळा. ११ आणि १२ मे २०२३ला काही कन्सेन्सस क्लायंटांवर भार येऊन फायनॅलिटी, म्हणजे ब्लॉक कायमचे पक्के होणं, थोडा वेळ अडली, पण बाकीचे क्लायंट चालू होते म्हणून साखळी पुढे सरकत राहिली.

ब्लॉक बनवण्याची पाळी मात्र क्वचितच येते. एका ब्लॉकसाठी १२ सेकंदांचा एक स्लॉट, म्हणजे दिवसाला ७,२०० स्लॉट. व्हॅलिडेटर दहा लाख धरले तर एकाच्या वाट्याला सरासरी साडेचार महिन्यांनी एक ब्लॉक येतो. कमाईचा मोठा भाग दर ६.४ मिनिटांच्या फेरीत (इपॉक) एकदा द्यायच्या अटेस्टेशनमधून, म्हणजे इतरांच्या ब्लॉकवरच्या मतातून, येतो. वीज गेली, राउटर बसला, तर दंड किरकोळ: जितका वेळ बंद राहिलात, जवळपास तितक्याच वेळाची कमाई वजा होते. फायनॅलिटीच थांबलेली असेल तेव्हा गैरहजेरी महाग पडते, पण तसे प्रसंग विरळा.

माफी नाही ती एकाच गोष्टीला: तीच साइनिंग की, म्हणजे सही करण्याची गुप्त किल्ली, दोन मशीनवर चालवणं. एकाच कामावर दोन वेगळ्या सह्या दिसल्या की स्लॅशिंग होतं, म्हणजे अडकवलेल्या ईथरमधून दंड कापला जातो, आणि व्हॅलिडेटर सक्तीने बाहेर जातो. मे २०२५च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर सुरुवातीचा दंड अडकवलेल्या रकमेच्या बत्तिसाव्या हिश्श्यावरून ४,०९६व्या हिश्श्यावर आला. हकालपट्टी मात्र कायम आहे, आणि त्याच सुमारास पुष्कळ जण स्लॅश झाले तर दंड चढतो. म्हणून खबरदारी म्हणून त्याच कीज घालून आपोआप सुरू होणारं दुसरं मशीन ठेवणं इथे धोक्याचं. मशीन बदलताना जुनं बंद करा, स्लॅशिंग प्रोटेक्शनची, म्हणजे आधी केलेल्या सह्यांची, नोंद नव्यावर न्या, दोन-तीन इपॉक जाऊ द्या आणि मगच नवं सुरू करा. त्यात बुडते ती फक्त काही मिनिटांची कमाई.

कार्डानोत स्लॅशिंग नाहीच. इथे ब्लॉक बनवणाऱ्या नोडला पूल म्हणतात. तो नोंदवायला ५०० एडाची (कार्डानोचं नाणं) अनामत, तीही पूल बंद केल्यावर परत. लोक त्यांचे एडा तुमच्या पूलला डेलिगेट करतात, म्हणजे त्यांचं वजन तुमच्या पारड्यात टाकतात, पण ते त्यांच्याच वॉलेटमध्ये मोकळे राहतात. तुम्ही त्यांना हात लावू शकत नाही आणि ते कधीही निघून जाऊ शकतात. तांत्रिक मांडणी इथे जास्त नेटकी आहे. ब्लॉक प्रोड्युसर उघड्या इंटरनेटवर ठेवायचा नाही, पुढे बाहेरच्या नेटवर्कशी बोलणारे रिले नोड ठेवायचे, पूलची मूळ किल्ली (कोल्ड की) कायम ऑफलाइन मशीनवर. ब्लॉकवर सही करणारी केईएस की साधारण ९० दिवसांत बदलावी लागते. विसरलात तर नोड वरवर ठणठणीत दिसतो, पण ब्लॉक एकही बनत नाही. त्याच कीजने दोन प्रोड्युसर चालले तर त्या स्लॉटचे दोन ब्लॉक निघतात आणि एक वाया जातो, दंड होत नाही.

खरी अडचण गणिताची आहे. कार्डानोचा इपॉक पाच दिवसांचा. त्यात सुमारे २१,६०० ब्लॉक आणि ते स्टेकच्या, म्हणजे पूलमागच्या एकूण एडाच्या, प्रमाणात वाटले जातात. ढोबळ हिशेब असा, की दहा लाख एडामागे इपॉकला एक ब्लॉक. पन्नास हजार एडाच्या पूलला सरासरी शंभर दिवसांतून एक, आणि नशीब फिरलं तर त्याहून उशिरा. शिवाय बक्षिसातून पूलचा ठरीव खर्च आधी कापला जातो, त्याची किमान मर्यादा २०२३मध्ये ३४० वरून १७० एडावर आली. लहान पूलच्या डेलिगेटरला तोही बोचतो. शून्य-शून्य बघून तो कंटाळतो. सर्व्हर सांभाळणं यातलं सोपं काम. माणसं जोडून ठेवणं अवघड.

सोलाना हा व्यवसाय समजूनच करावा. स्लॉट साधारण ४०० मिलिसेकंदांचा, मशीनला शेकडो जीबी रॅम आणि वेगवान प्रोसेसर, म्हणजे डेटा सेंटर आलंच. ब्लॉकवरचं प्रत्येक मत हा शुल्क भरून केलेला व्यवहार असल्याने दिवसाला जवळपास एक सोल (सोलानाचं नाणं) नुसत्या मतांवर जात आला आहे. सप्टेंबर २०२५मध्ये मतदानाने मंजूर झालेला, नोडच्या एकमताची पद्धत बदलणारा अल्पेनग्लो बदल हा हिशेब पालटणारा आहे, तेव्हा सुरू करण्याआधी ताजे नियम वाचा. भाड्याच्या मशीनची जोखीम वेगळीच: नोव्हेंबर २०२२मध्ये सर्व्हर भाड्याने देणाऱ्या हेट्झनर कंपनीने आपल्या सर्व्हरवरचे सोलाना नोड बंद केले आणि शेकडो ऑपरेटरांना रातोरात दुसरीकडे जागा शोधावी लागली.

३२ ईथर हाताशी असतील आणि ते काही वर्षं लागणार नसतील, तर मी इथेरियम सुचवेन. भांडवल थोडं पण तुम्हाला ओळखणारा, तुमच्यावर भरवसा ठेवणारा समुदाय असेल तर कार्डानो. डेलिगेशन आधी हाती नसेल तर सोलानाच्या वाटेला जाऊ नका.

बाहेर पडण्याचा विचारही आत्ताच करून ठेवा. इथेरियमवर पैसे काढण्याची सोय एप्रिल २०२३पासून आहे, पण रांग असते. सप्टेंबर २०२५मध्ये ती चाळीस दिवसांच्या पुढे गेली होती. सोलानावर स्टेक इपॉक संपताना, म्हणजे साधारण दोन दिवसांत मोकळा होतो. कार्डानोत निवृत्तीचं प्रमाणपत्र नोंदवायचं आणि डेलिगेटरना आधी कळवायचं, नाहीतर त्यांचे एडा बंद पूलवर बक्षिसाविना पडून राहतात.