जावास्क्रिप्टचा डेट क्लास: नऊ महिने वापरल्यावर

हॉल बुकिंगच्या एका साइटवर नऊ महिने काम करतोय, आणि या काळात डेटने, म्हणजे जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या तारीख-वेळ सांभाळणाऱ्या क्लासने, जेवढा वेळ खाल्लाय तेवढा बाकी कशानेच नाही.

महिना शून्यापासून (जानेवारी म्हणजे ०), तारीख एकपासून, म्हणजे एकाच कंसात शेजारीशेजारी दोन हिशोब. हे एकवेळ अंगवळणी पडतं. खरा ताप पुढे आहे. न्यू डेटला, म्हणजे नवी तारीख बनवणाऱ्या कोडला, '२०२४-०३-१०' ही स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) दिली की तो यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतो, तिलाच मागे 'टी००:००' जोडलं की लोकल टाइम, आणि २०२४, २, १० असे सुटे आकडे दिले तरी लोकल. पुण्यात बसून स्ट्रिंगवाला घोळ लक्षातच येत नाही, आपण साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटेचे साडेपाच दिसतात पण तारीख तीच राहते, न्यू जर्सीतल्या एका ताईंच्या स्क्रीनवर ९ मार्च आला तेव्हा कुठे कळलं. आपल्याकडे उलटं होतं, सुट्या आकड्यांनी १० मार्च बनवून टूआयएसओस्ट्रिंग केलं, म्हणजे तिची यूटीसीतली स्ट्रिंग बनवली, की सर्व्हरला जातं ९ मार्च, १८:३०. एका लग्नाचं बुकिंग असंच एक दिवस आधी पडलं होतं, वेळेत सापडलं म्हणून, नाहीतर त्या घरच्यांना काय तोंड दाखवलं असतं?

अजून आहे. कंसात नुसतं २०२४ दिलं तर ते वर्ष नाही, मिलिसेकंद, म्हणजे १९७० ची सुरुवात. नल (मुद्दाम रिकामी किंमत) दिलं तरी १९७०, पण अनडिफाइन्ड (किंमतच न ठरलेली) दिलं की इनव्हॅलिड डेट. वर्ष २४ लिहिलं की १९२४. ३१ फेब्रुवारी २०२४ मागा, गुपचूप २ मार्च मिळतो. यात कुठेच एरर येत नाही आणि माझा सगळा राग त्याच्यावर आहे, चुकलं तर सांग ना बाबा!

हा क्लास १९९५ मध्ये घाईघाईत जावाच्या डेटवरून उचललेला. जावाने १९९७ मध्येच त्यातलं बरंचसं डेप्रिकेट केलं, म्हणजे वापरू नका असं जाहीर केलं, इथे मात्र जुन्या साइट्स मोडतील म्हणून हात लावता येत नाही, ते मला पटतं.

आता नवीन कोडमध्ये पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेली सोय भरून काढणारा कोड) लावून टेम्पोरल, म्हणजे डेटच्या जागी आलेली जावास्क्रिप्टची नवी सोय, वापरतोय. मार्च म्हणजे ३, वेळ नसलेली तारीख त्यातल्या प्लेनडेट या प्रकारात, त्यामुळे टाइमझोनचा प्रश्नच येत नाही, आणि न्यू करून ३१ फेब्रुवारी दिली की सरळ रेंजएरर. तो पहिल्यांदा आला तेव्हा खरंच बरं वाटलं. जुन्या फाइल्समधला डेट अजून काढतोय, बुकिंगचा फॉर्म झाला, पावत्या बाकी आहेत.