पुण्यात भाड्याचं घर: थेट मालक गाठायचा की गल्लीतला एजंट धरायचा?

पुण्यात भाड्याने घर बघायला लागलं की पहिला विचार येतो तो ब्रोकरेज वाचवायचा, आणि ते साहजिकच आहे. भाडं २२ हजार असेल तर ब्रोकरेजचेही २२ हजार, वर दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, टेम्पो, हमाल, ॲग्रीमेंट, सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं. म्हणून जो तो आधी ॲप उघडतो. माझं म्हणणं एवढंच की ही तुलना नुसती पैशात करू नका. कोथरूड, कर्वेनगर, औंध, बाणेर या पट्ट्यात रिकामं घर सापडणं फार अवघड नाहीये, त्या घराच्या मालकाने आपल्याला हो म्हणणं अवघड आहे, आणि तो होकार कुठल्या रस्त्याने लवकर मिळतो ते बघायला पाहिजे.

मी दोन्ही केलंय. आधीचं घर ॲपवरून थेट मालकांशी बोलून घेतलं, आत्ताचं एजंटकडून. आम्ही चौघं, मी, बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आई. बॅचलर मंडळींचं गणित वेगळं असतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

थेट मालकाचे फायदे खरेच आहेत. आधीच्या घराचे मालक रिटायर्ड बँकवाले, त्यांनी आईला बसवून चहा दिला, बोलता बोलता आईचं माहेर त्यांच्या गावाजवळचं निघालं आणि भाडं हजाराने कमी झालं, मधे एजंट असता तर हे बोलणंच झालं नसतं. गीझर बदलून द्या, बाथरूमचा नळ गळतोय, हॉलला एक हात रंग मारून द्या, हे सगळं ज्याच्या हातात आहे त्यालाच सांगता येतं. नंतर राहायला गेल्यावरही काही बिघडलं की सरळ त्यांनाच फोन. ते घर आम्हाला लाभलं, तिथे आम्ही सुखाने राहिलो.

पण तिथपर्यंत पोचायला जे करावं लागलं ते मला परत करायचं नव्हतं. ॲपवर 'ओनर' म्हणून नंबर असतो आणि फोन केला की 'ते आत्ताच गेलं, तसंच दुसरं दाखवतो', म्हणजे पलीकडे एजंटच. हे एकवेळ चालवून घेता येतं. चांगल्या घराचं तर असं होतं की सकाळी जाहिरात पडते आणि दुपारपर्यंत मालक फोन घेऊन घेऊन वैतागलेले असतात, मग ते फोन उचलतच नाहीत किंवा पहिल्या तीन-चार जणांतच कुणालातरी देऊन मोकळे होतात. त्यामुळे या रस्त्याने जायचं असेल तर चॅटवर 'अव्हेलेबल आहे का' विचारत बसू नका, जाहिरात दिसल्या दिसल्या फोन करा आणि त्याच दिवशी बघायला जा, शनिवार-रविवारची वाट बघितली की घर गेलंच समजा.

मला खरा ताप झाला तो 'घरी विचारून सांगतो' याचा. घर बघितलं, आवडलं, मालकांनाही आपण आवडलो असं वाटलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं, नोकरी कुठे, मूळचे कुठले, कोण कोण राहणार, पाहुण्यांची ये-जा फार असते का, नॉनव्हेज करता का, आईंची तब्येत बरी असते ना. आपण नीट उत्तरं दिली, भाडं मान्य, डिपॉझिट मान्य. आणि दारात चपला घालताना ते म्हणतात, बरं, घरी विचारून सांगतो हं. झालं. मग फोन नाही. आपण केला तर 'मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याशी बोलणं व्हायचंय'. परत वाट बघायची. या मधल्या दिवसांत आपण दुसरी घरं बघत नाही, बघितली तरी मन त्यातच असतं, बायकोने तर स्कूलबसच्या काकांना तो पत्ता रूटमध्ये बसतो का तेही विचारून ठेवलेलं असतं. आणि मग एक दिवस जाहिरात काढून टाकलेली दिसते.

तो नकारच असतो, तोंडावर म्हणवत नाही एवढंच. मी त्यांना नावं ठेवत नाही, घर त्यांचं आहे, आणि समोर बसलेल्या अख्ख्या कुटुंबाला नाही म्हणणं कुणालाही जड जातं. पण इकडे आपली नोटीस देऊन झालेली असते, आधीच्या घराची मुदत संपत आलेली असते, तेव्हा हा न बोललेला नकार फार महाग पडतो. एका घराचं तर नंतर दुसरीकडून कळलं की त्यांना वयस्कर माणूस असलेलं कुटुंब नकोच होतं, कारण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. त्यांची काळजी रास्त आहे, पण हे फोनवर बोलले असते तर आईचे गुडघे दुखत असताना तिला ते तीन जिने चढायला लागले नसते. आमचं पुढच्या वेळी एजंटकडे जायचं तिथेच पक्कं झालं.

आता एजंट म्हणजे कुठलाही नाही. मोठ्या बोर्डांवर नंबर असलेला, अख्खं पुणे कव्हर करतो म्हणणारा एजंट आणि ॲप यात मला फार फरक वाटत नाही. मी म्हणतोय तो एकाच भागात वर्षानुवर्षं काम करणारा, ज्याला तिथले वॉचमन नावाने ओळखतात असा. आम्हाला कर्वेनगरमध्ये जो मिळाला त्याचं टेबल एका झेरॉक्सच्या दुकानातच होतं. खिळ्याला किल्ल्यांचे जुडगे, प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी लावून वर बॉलपेनने बिल्डिंगचं नाव, आणि समोर एक जाडजूड डायरी. प्रश्न त्यानेही तेच विचारले, पण मग डायरीवरून बोट फिरवत म्हणाला, हे नको, यांना दोघंच पाहिजेत, हे पण नको, यांच्याकडे नॉनव्हेज चालत नाही, हे जिन्याचं आहे, आजींना नको. आणि एका पानावर थांबून तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. काका, फॅमिली आहे, चौघं, मुलगी चौथीत, आजी असतात बरोबर, साहेब कंपनीत आहेत, आधीच्या मालकांचा नंबर देतायत, पाठवू का? पलीकडून काका म्हणाले, पाणी सकाळीच येतं ते सांग त्यांना आधी, आणि रविवारी या म्हणावं.

म्हणजे घर बघायच्या आधीच अर्धा होकार झालेला. ज्यांचा नकार होता तो आमच्यापर्यंत आलाच नाही, डायरीतच राहिला. माझ्या मते ब्रोकरेजचे निम्मे पैसे याचेच.

उरलेले त्याच्या शब्दाचे. पुण्यात कितीतरी फ्लॅट असे आहेत की मालक परदेशात आणि सगळं बघतो तो इथला भाऊ नाहीतर मेहुणा, आणि या लोकांना भाड्यापेक्षा धास्ती असते ती माणूस वेळेवर घर सोडेल का याची. कायद्याने लीव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे अशा ठरावीक मुदतीच्या भाडेकरारात, मालकाची बाजू भक्कम आहे, मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही तर दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते, तरी कोर्टकचेरीच्या नावानेच माणूस घाबरतो. अशा वेळी ज्याने आधीचे भाडेकरू आणले आणि वेळेवर बाहेरही काढले तो एजंट 'माणूस चांगला आहे' म्हणाला की त्याला वजन येतं. हे ॲपवरच्या प्रोफाइलला येत नाही.

एजंटचे तोटेही सांगतो. 'अजून दोन पार्ट्या आहेत, आजच टोकन टाका' हे तो म्हणणारच, त्यातलं खरं किती ते आपण ओळखायचं. काहीजण ११ महिन्यांनी रिन्यूअलला परत ब्रोकरेज मागतात, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नंतर वाद होतात. आणि घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायची वेळ आली की एजंट सहसा मालकाच्या बाजूने असतो, कारण आपण चाललेलो असतो आणि मालक त्याला पुढेही लागणार असतो. थेट मालकाशी चांगले संबंध असतील तर इथे ते नक्कीच उपयोगी पडतात.

ॲग्रीमेंटचे पैसे एजंटमार्फत केलं की बऱ्याचदा फुगवून सांगतात, म्हणून हिशोब माहीत असलेला बरा. स्टॅम्प ड्युटी म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १०% धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५%. २२ हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, ११ महिने धरले तर ती सव्वासहाशेच्या आत बसते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. बाकी किरकोळ धरून सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास, त्यावर जे घेतात ती थंब घ्यायला मशिन घेऊन घरी येणाऱ्या माणसाची फी, ती द्यायला हरकत नाही पण किती ते आधी ठरवा. आणि नुसत्या नोटरीवर कुणी भागवायला बघत असेल तर नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्डच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

बॅचलर असाल तर मात्र माझा सल्ला उलटा. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये एजंटच्या डायरीतही तुमच्यासाठी फार पानं नसतात. त्यापेक्षा वाकड, हिंजवडी, खराडीकडे मित्रांच्या ओळखीने किंवा फेसबुक ग्रुपवरून, जो मुलगा रूम सोडतोय त्याच्या जागी जाणं सोपं पडतं, मालकाने तिथे मुलांना ठेवायचं आधीच मान्य केलेलं असतं. तिकडच्या मोठ्या नव्या सोसायट्यांमध्ये फॅमिलीलाही थेट मालक चालून जाईल, कारण तिथे बऱ्याच जणांनी फ्लॅट भाड्यासाठीच घेतलेला असतो आणि चौकशा कमी असतात. मी जे लिहिलंय ते मुख्यतः जुन्या, मध्यवर्ती भागातल्या घरांबद्दल.

कुठल्याही रस्त्याने गेलात तरी फोनमध्ये एक पीडीएफ तयार ठेवा. आधार, पॅन, कंपनीचं आयडी, घरात कोण कोण आहे ते चार ओळींत, आणि आधीच्या मालकांचा नंबर, अर्थात त्यांना विचारून. हा शेवटचा नंबर सगळ्यात जास्त कामाला येतो, आमच्या आत्ताच्या घरमालक काकांनी पगाराची स्लिप मागितलीच नाही, पण आधीच्या मालकांना फोन मात्र केला आणि दोघं चांगले अर्धा तास बोलले.

वेळेचंही बघा. मे-जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी सगळी फॅमिलीवाली मंडळी एकदमच बाहेर पडतात, तेव्हा भाव करायला जागा नसते. पितृपक्षात मात्र लोक नवीन घरात जात नाहीत म्हणून चौकश्या थंडावतात. तुम्ही ते पाळत नसाल तर उत्तमच, पाळत असाल तरी त्या पंधरवड्यात घरं बघून बोलणी करून ठेवायची आणि राहायला नवरात्रात जायचं. रिकाम्या घराचा मेंटेनन्स भरणारा मालक त्या दिवसांत ऐकून घेतो. एजंटलाही तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं, ब्रोकरेज एक महिन्याऐवजी पंधरा दिवसांचं करा म्हणून बघा, आमच्याकडे तो तयार झाला होता.

टोकन देताना एवढंच करा, पैसे मालकाच्या खात्यात टाका, एजंटच्या नाही, आणि लगेच व्हॉट्सॲपवर भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स कुणाकडे, ताबा कधी, करार झाला नाही तर टोकन परत, असं सगळं लिहून मालकांकडून 'ओके' घ्या.