मिनरल मिक्स्चरची २५ किलोची बॅग: दोन बॅचला वापरून बघितली

उदगीरच्या बाजूला आपलं ६०० ब्रॉयलर, म्हंजे मांसाच्या कोंबड्यांचं, बारकं शेड आहे. कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट नाही, पिल्लं आपली खाद्य आपलं. मका घरचा, सोयाबीनची पेंड लातूरहून, भरडा गिरणीवरून काढायचा आन ताडपत्रीवर फावड्यानं कालवायचा. स्वस्त पडतंय, पण उन्हाळ्याच्या बॅचला तिसऱ्या हप्त्यात पिल्लं बसूनच खायली, चार पावलं टाकली की मटकन खाली, दहा-बाराचे तर पाय घोट्यातून बाहेर फाकले. दुकानदार म्हनला मिनरल मिक्स्चर (खाद्यात कालवायची क्षारांची पावडर) चालू करा, पंधरा दिवसात वजन कसं उठतंय बघा. १७०० ला बॅग घेतली.

आता खरं सांगतो. ज्यांचे पाय वाकडे झाले होते ते काय सरळ झाले नाहीत, ते तसेच आधी विकून टाकले. पण पुढच्या बॅचला पहिल्या दिवसापासून १०० किलोला अडीच किलो धरून टाकलं, शेडच्या मधी जाळी लावून निम्म्या पिल्लांना दिलं निम्म्यांना नाही. पावडरच्या बाजूला एकच पिल्लू लंगडलं, दुसऱ्या बाजूला सतरा. ३५ व्या दिवशी वीस-वीस पक्षी काट्यावर घेतले तर सरासरी १८५० ग्रॅम आन १७०० ग्रॅम. घरचे म्हनले बघा औषधानं वजन वाढलं. मला तसं वाटत नाही, पाय धड असल्यावर पक्षी उठून खायला जातोय एवढंच. व्हेटर्नरी कॉलेजच्या डॉक्टरसायबांना विचारलं तर ते म्हनले मका-पेंडीतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या दाण्यातल्याच घटकामधी अडकलेला असतो, कोंबडीला तो पचत नाही, आन झिंक मँगनीज कमी पडलं की घोट्यावरची शीर जागेवरून सरकते. म्हंजे आपल्या भरड्यातच खोट होती.

मग डोकं चालवून पुढच्या बॅचला तयार खाद्याचे दाबलेले दाणे, म्हंजे पेलेट, आणले आन त्यातबी पावडर टाकली, तशीच जाळी लावून. दोन्हीकडं वजन सारखंच! तयार खाद्यात हे सगळं आधीच घातलेलं असतं की. वर ती पावडर पेलेटला चिकटतबी नाही, भांड्याच्या तळाला राखेसारखा थर बसला, पिल्लांनी चोचीनं पेलेट तेवढे वेचले आन राख मी उकिरड्यावर टाकली. पैसे गेले.

भरड्यात टाकणार असाल तर आधी घमेलाभर भरड्यात हातानं कालवा, मग ढिगात. एकदम टाकली तर एका कोपऱ्यात ढेकळं सापडतेत.

आन दुकानात बॅग वाचून घ्या बाबांनो. दुसऱ्यांदा गेलो तर पोरानं अंड्यावरच्या कोंबड्याचं मिक्स्चर दिलं होतं, सेम रंगाची बॅग. लेयरला कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागतं, ब्रॉयलरला एक टक्क्याच्या आसपास. जास्त झालं की खाणं कमी होतंय. ती दिवसभरात परत नेली तर बदलून द्यायला कुरकुर केली, बॅग कापली म्हने. कापल्याशिवाय आतला कागद दिसतो का?

पॅकिंग बेकार, आतली प्लास्टिक पिशवी फाटकी, पावसाळ्यात अर्धी बॅग दगड झाली आन तारखेचा शिक्काबी घासलेला. ५ पैकी साडेतीन देतो, दीड पॅकिंगचे कापले. घरचा भरडा आहे तोवर घेणार, पण आता १० किलोचीच मागायलोय, ती हाय का नाही माहीत नाही.