मिठावर पळवायची जुनी गाडी घरी बांधायची आहे : बुलेट ५०० घ्यावी की आरडी ३५०?

सॉल्ट लेक सिटीहून पश्चिमेला दीड-पावणेदोन तास गेलं की वेंडोव्हरच्या अलीकडे बॉनव्हिलचं मिठाचं मैदान लागतं. ऑगस्टमध्ये तिथे स्पीड वीक भरतो, म्हणजे एकेक गाडी मिठावर जीव खाऊन पळवून तिचा वेग मोजायचा मेळा. एकदा जाऊन आलेला माणूस घरच्या गॅरेजमधल्या जुन्या गाडीकडे पुन्हा पहिल्यासारखा बघू शकत नाही. इथल्या मराठी मित्रांपैकी ज्यांना हा नाद लागला, त्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो : सुरुवात रॉयल एनफिल्डच्या बुलेटने करू की यामाहाच्या आरडीने? दोन्ही नावं लहानपणापासून कानांवर पडलेली, त्यामुळे मन तिथेच ओढलं जातं. दोन्ही इंजिनं मी स्वतः उघडून बांधली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

घरी हे जमतं का, ही शंका आधी मनातून काढून टाका. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रोने १९२० ची इंडियन स्काउट घरच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं घडवली. नवी असताना ती ताशी ५५ मैल पळायची. पिस्टन तो स्वतः ओतायचा, कनेक्टिंग रॉड कानशीने घासून बनवायचा. १९६७ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी त्याने बॉनव्हिलला १००० सीसीखालच्या वर्गात ताशी १८३ मैलांच्या वर विक्रम केला. घर आणि लेथ त्याला पुरले. वेळ मात्र प्रचंड लागला.

गाडी घेण्याआधी वर्ग ठरवा. इथे शर्यत शेजारच्या गाडीशी नसते, तुमच्या वर्गातल्या आकड्याशी असते. वर्ग ठरतो सीसी, फ्रेमचा प्रकार, इंधन आणि इंजिनाचा प्रकार यांवरून. पुशरॉड, म्हणजे लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या इंजिनांना वेगळे वर्ग आहेत आणि १९५६ पूर्वीच्या इंजिनांसाठी व्हिंटेज वर्ग. बुलेट पुशरॉडची असल्यामुळे तिला इथे हक्काची जागा मिळते. आरडी ३५० अमेरिकेत १९७३ ते १९७५ या काळात विकली गेली, म्हणजे व्हिंटेजमध्ये ती बसत नाही. तिची गाठ पडते ती त्याच सीसीच्या, रेसिंगसाठीच जन्मलेल्या टू-स्ट्रोक इंजिनांशी. गाडी आपल्याला जुनी वाटते म्हणून नियमपुस्तक तिला जुनी मानत नाही. त्या वर्षीचं पुस्तक हातात घ्या, आपल्या वर्गातला विक्रम बघा आणि मगच पैसे मोजा.

आता इंजिनं. बुलेट ५०० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. जुन्या, लोखंडी सिलिंडरच्या भारतीय बुलेटची ताकद २२ हॉर्सपॉवर. आरडीला दोन सिलिंडर, बोअर ६४, स्ट्रोक ५४, मिळून ३४७ सीसी आणि जपानी गाडीची ताकद ३९. आपल्याकडची राजदूत ३५० याच इंजिनाची, पण ताकद 'हाय टॉर्क' मॉडेलमध्ये साडेतीस आणि 'लो टॉर्क'मध्ये २७ इतकीच ठेवलेली. पुढचा डिस्क ब्रेकही तिला नव्हता, ड्रम होता. त्यामुळे भारतातून सुटे भाग मागवणार असाल तर जपानी कोणते आणि राजदूतचे कोणते, हे तपासून घ्या.

कागदावर आरडी सरळ जिंकते. हवेचा विरोध भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग सव्वापट करायचा तर ताकद जवळजवळ दुप्पट लागते. ताशी ८० मैलांच्या आसपास दमणारी बुलेट १०० वर न्यायची म्हणजे बावीसचे त्रेचाळीस करायला हवेत. आरडी कारखान्यातूनच त्या उंबरठ्यावर येते. शिवाय बुलेटचा स्ट्रोक लांब. ६००० आरपीएमला तिचा पिस्टन सेकंदाला सरासरी १८ मीटर पळतो, आरडीचा ९००० आरपीएमलाही सोळाच्या थोडा वर. त्यात जुन्या बुलेटचा कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि बिग एंडला, म्हणजे रॉड क्रँकला जोडतो त्या टोकाला, तरंगता बुश. फेरे वाढवायचे असतील तर आधी स्टीलचा रॉड आणि रोलर बेअरिंग बसवा. कॅम, व्हॉल्व्ह स्प्रिंग, मोठा कार्बोरेटर हे सगळं त्यानंतर. हा क्रम चुकवलेली इंजिनं मी उघडलेली पाहिली आहेत. क्रँककेसला आतून खिडकी पडलेली असते.

दुसऱ्या बाजूला, बुलेटवर करायची बरीच कामं घरच्या हाताने होतात. हेडचं पोर्टिंग छोट्या ग्राइंडरने करता येतं. कॉम्प्रेशन साडेसहावरून साडेआठ-नऊपर्यंत नेता येतं, आणि उंचीवरच्या विरळ हवेत ते इंजिनाला सोसतंही. जड फ्लायव्हीलमुळे ताकद मागच्या चाकाला सावकाश मिळते. ओलसर मिठावर चाक जागच्या जागी फिरत असतं तेव्हा या संथपणाची किंमत कळते. मुख्य म्हणजे बुलेट बिघडण्याआधी सांगते. टॅपेट वाजतो, बिग एंड ठोकतो, तेलात चमक दिसते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारे मिस्त्री ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आरडी सांगत नाही. माझी खरी काळजी इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. तिच्या क्रँकशाफ्टच्या दोन टोकांना दोन ऑइल सील. उजवीकडचा, क्लचच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो, कुणालाही दिसेल असा. डावीकडचा, अल्टरनेटरच्या बाजूचा गेला तर फक्त हवा आत जाते. धूर नाही, आवाज नाही. हवा-पेट्रोलचं मिक्श्चर कोरडं होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि फुल थ्रॉटलवर सीझ होतो, सिलिंडरमध्येच जखडतो. मागचं चाक जाम होतं. आमच्या गाडीचं हे दुसऱ्या मैलाच्या आधीच झालं. चालवणाऱ्याची दोन बोटं क्लचच्या लिव्हरवर होती म्हणून गाडी सरळ राहिली आणि तो चालत परत आला. रात्री सिलिंडर काढला तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला अंगठ्याएवढा पट्टा खरवडून निघालेला, रिंग खाचेतच चिकटलेली. त्या सीलची किंमत एका जेवणाच्या बिलाहून कमी.

त्यामुळे आरडी घेतलीत तर तीन गोष्टी नेमाने करा. दर सीझनला दोन्ही सील नवे. बांधून झाल्यावर इंजिनात थोडा दाब भरून गळती तपासायची. आणि प्लग वाचायला शिकायचं. फुल थ्रॉटलवर असतानाच इग्निशन बंद करायचं, त्याच क्षणी क्लच दाबून गाडी घरंगळत आणायची, तिथेच प्लग काढून भिंगाखाली धरायचा. पोर्सिलिनच्या तळाशी, आत खोलवर, बारीक तपकिरी कडं दिसलं तर जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बरोबर. पांढरं फटक दिसलं आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण असले, तर पुढची फेरी रद्द करा. घरी समुद्रसपाटीला लावलेले जेट इथे कामाचे नाहीत. मैदान जवळजवळ १२८० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब तेरा-चौदा टक्क्यांनी कमी, ताकदही साधारण तेवढीच कमी, आणि दुपारच्या उन्हात त्याहून. सकाळी बरोबर असलेलं मिक्श्चर दुपारी जड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. दुपारी उतरवलेले जेट दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंड हवेत कोरडे पडतात, आणि विक्रमाची दुसरी फेरी नेमकी सकाळी असते. विक्रम दोन फेऱ्यांच्या सरासरीवर धरतात, म्हणून हे विसरून चालत नाही.

फ्रेम, टायर, ब्रेक यांत दोन्ही गाड्यांना सारखंच काम आहे. स्टिअरिंग डँपर, अंगाला बांधलेल्या दोरीचा किल स्विच, तेलाच्या ड्रेन बोल्टला तार, व्हॉल्व्हला धातूची टोपी, वेगाला साजेसे टायर. तपासणीत यातलं एक जरी राहिलं तरी गाडी बाजूला काढतात, आणि ते योग्यच आहे.

गिअरिंग मात्र दोघांचं वेगळं. मागच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर ताशी १०० मैलांना चाक मिनिटाला तेराशेच्या पुढे फिरतं. बुलेट ५८०० ला ताकद देत असेल तर इंजिन आणि चाक यांच्या फेऱ्यांचा एकूण रेशो साडेचारच्या खाली येतो, आरडी ८५०० ला देत असेल तर सहा-साडेसहाच्या दरम्यान. मिठावर चाक घसरतं, तेवढे फेरे त्यावर वाढवून धरा. दोन-तीन दातांच्या फरकाने स्प्रॉकेटचा संच जवळ ठेवा. वेग वाढवायचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. बुलेटला गिअर चारच, आरडीला सहा. चारमध्ये तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना फेरे फार पडतात आणि समोरून वारा असेल तर इंजिन पुन्हा चढतच नाही. हा बुलेटचा मला सर्वांत जास्त खुपणारा दोष आहे.

मग घ्यावं काय? पहिल्याच वर्षी ताशी १०० मैल वेग नोंदलेली चिठ्ठी हातात हवी असेल, टू-स्ट्रोकचा हात आधीपासून बसलेला असेल आणि सोबत प्लग बघणारा दुसरा जाणता माणूस असेल, तर आरडी घ्या. पैसेही कमी लागतील. एकटे असाल, रात्री नऊनंतर गॅरेजमध्ये दोन तास मिळत असतील आणि तीन-चार वर्षं थांबायची तयारी असेल, तर बुलेट घ्या. पहिलं वर्ष ९० मैलांवर समाधान माना आणि तो हिवाळा पूर्ण बिग एंडला द्या. मी माझ्या मुलाला गाडी बांधून देणार असेन तर बुलेटच देईन. कारण त्या डाव्या सीलपायी खरवडलेला पिस्टन माझ्या कपाटात आहे आणि अधूनमधून मी तो काढून बघतो.

कुठलीही घ्या, परतीच्या वाटेवर वेंडोव्हरलाच गाडी पाण्याने धुऊन काढा. चेन, स्पोक, वायरिंगचे जोड, फ्रेमच्या नळ्यांची भोकं, सगळीकडे मीठ शिरलेलं असतं. घरी जाऊन सावकाश धुऊ म्हणालात तर आठवड्याभरात स्पोकच्या निपलना गंज धरलेला असतो.