ख्रिस्ती लाइफ कोचिंग: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

शाळेतून निवृत्त झाल्यावर घरबसल्या ख्रिस्ती लाइफ कोचचा ऑनलाइन कोर्स केला. लाइफ कोच म्हणजे आपण सल्ला न देता, प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःची वाट शोधायला मदत करणारा. नगरला आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांबरोबर सराव सुरू करून आता नऊ महिने झाले. "घेऊ का?" असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहितेय. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही.

आधी तक्रार. जाहिरातीत 'सर्टिफाइड' असं मोठ्या अक्षरांत होतं. फी भरून झाल्यावर कळलं की कोचना मान्यता देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एसीसीला, किमान 60 तासांचं प्रशिक्षण, 10 तासांचं मेंटॉर कोचिंग (अनुभवी कोचकडून मार्गदर्शन) आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. आमचा कोर्स 36 तासांचा, आणि मान्यता नाहीच. प्रमाणपत्राची सोनेरी किनार मात्र झकास आहे. आधी विचारलं नाही, हा दोष माझा.

तरी पैसे वाया गेले असं म्हणवत नाही. तीस वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या बायबल वर्गात, शिकवल्यामुळे कुणी अडचण सांगितली की माझ्या तोंडून बायबलचं वचनच बाहेर पडतं. पहिल्या सराव सत्राचं रेकॉर्डिंग ऐकलं (समोरच्या मुलीला विचारून केलं होतं), तर चाळीस मिनिटांपैकी सत्तावीस मिनिटं मीच बोलत होते! बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू आधी विचारतो, तुला बरं व्हायचंय का? हा उतारा मी मुलांना कितीदा शिकवलाय, पण दरवेळी चमत्काराकडे पळत. त्या प्रश्नापाशी कधी थांबलेच नव्हते.

कोर्समध्ये ग्रो पद्धत शिकवली: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, निर्धार. मराठीत ती जशीच्या तशी चालत नाही. "तुझं ध्येय काय?" म्हटलं की समोरचा निबंध सांगायला लागतो. "दिवाळीपर्यंत घरात काय वेगळं दिसायला हवं?" असं विचारलं की बोलतो. 'का'ने सुरू होणारा प्रश्न तर मी टाकूनच दिला, "नोकरी का सोडलीस?" यात आपल्याकडे सासऱ्यांचा आवाज येतो. आणि "प्रभूची इच्छा असेल तसं होईल" हे वाक्य आलं की पूर्वी मी 'आमेन' म्हणून विषय संपवायचे. आता विचारते, "तोवर तुझ्या हातात काय आहे?" मग गप्प बसते. ते गप्प बसणं सगळ्यात अवघड. पंख्याचा आवाज ऐकत बसायचं.

गुप्ततेबद्दल कोर्समध्ये जेमतेम दहा मिनिटं दिली होती, आणि खरी अडचण तिथेच आली. मंडळी लहान. प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलेला विषय बुधवारच्या सभेतून गुरुवारी अख्ख्या गल्लीत. एकदा पाळकसाहेबांनी सहज विचारलं, "काय म्हणाला तो?" "साहेब, ते त्यालाच विचारा," म्हणताना घशाला कोरड पडली. त्यांना राग आला नाही, पण पुढचे दोन रविवार मला उगाचच अवघडल्यासारखं झालं. तेव्हापासून पहिल्या भेटीतच सांगते की इथलं बोलणं इथेच राहील. जिवाला धोका वाटला तर मात्र गप्प बसणार नाही. एका मुलाच्या बोलण्यात तसं काही जाणवलं, तेव्हा सत्र तिथेच थांबवलं, त्याच्यासोबत बसून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. हे कोचचं काम नव्हे. व्हिडिओंमध्ये ते नुसतं ओझरतं येतं.

माझे आतापर्यंत 43 तास झाले. एसीसीसाठी 100 पैकी 75 तास मोबदला घेऊन करावे लागतात. मंडळीतल्या माणसाकडून पैसे मागायचे कसे? पण रक्कम कितीही चालते, वस्तूही चालते, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. मी पन्नास रुपये ठेवलेत. एक बाई दर सत्राला गावाकडची बाजरी आणतात आणि ती मी वहीत रीतसर मांडते. आता मान्यताप्राप्त कोर्ससाठी पैसे साठवतेय. तिथे बाजरी चालत नाही.