फॉर्मच्या फील्डसाठी कंपोनंट: शॅडो डॉम की साधा डॉम?

लेबल, इनपुट, सूचनेची ओळ, चूक सांगणारा संदेश आणि हे सगळं जोडणारे आयडी. वीस फील्डांच्या फॉर्ममध्ये एवढा पसारा वीस वेळा लिहायचा नसेल, तर एक कस्टम एलिमेंट, म्हणजे स्वतः घडवलेला एचटीएमएल एलिमेंट, करावा आणि पानावर नुसता त्याचा टॅग ठेवावा. प्रश्न उरतो तो आतलं इनपुट कुठे ठेवायचं याचा: शॅडो डॉममध्ये, म्हणजे एलिमेंटच्या आत पानापासून वेगळ्या ठेवलेल्या रचनेत, की पानाच्या साध्या, उघड्या डॉममध्ये? मूळ इनपुट एलिमेंटच ‘इज’ ॲट्रिब्यूट लावून वाढवण्याचा तिसरा मार्गही आहे, पण सफारीत तो चालत नाही. म्हणून तो इथे धरलेला नाही.

शॅडो डॉमची बाजू भक्कम आहे. पानाचं सीएसएस आत शिरत नाही, आतलं बाहेर सांडत नाही, आयडी एकमेकांवर आदळत नाहीत आणि स्लॉट, म्हणजे बाहेरचा मजकूर आत बसवायच्या जागा, मिळतात. बदल्यात आतलं इनपुट बाहेरच्या फॉर्मचं राहत नाही, त्यामुळे सबमिट केल्यावर त्याची किंमत जातच नाही. त्यासाठी क्लासवर ‘फॉर्मअसोसिएटेड’ खरं करायचं, ‘अटॅचइंटर्नल्स’ बोलवायचं आणि इनपुटच्या प्रत्येक बदलाला ‘सेटफॉर्मव्हॅल्यू’ने नवी किंमत फॉर्मला कळवायची. टिक नसलेल्या चेकबॉक्सला तिथे ‘नल’ द्यावं लागतं. सफारीत ही सोय 16.4 पासून, म्हणजे 2023 पासून आहे.

पुढची कामं बारीक आहेत. ‘चेंज’ इव्हेंट शॅडोची सीमा ओलांडत नाही, तो यजमान, म्हणजे बाहेरच्या कस्टम एलिमेंटवरून पुन्हा सोडावा लागतो. फील्डसेट डिसेबल केला तरी आतलं इनपुट चालूच राहतं. ‘फॉर्मडिसेबल्डकॉलबॅक’मध्ये ते हाताने बंद करायचं. यजमानावर फोकस जाऊ शकत नसेल, तर अवैध फील्डमुळे सबमिट अडतं आणि वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. क्रोममध्ये कन्सोलवर तेवढी एक ओळ येते. उपाय म्हणजे शॅडो रूट जोडताना फोकस आत पोहोचवणारं ‘डेलिगेट्सफोकस’ आणि ‘सेटव्हॅलिडिटी’ला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून आतलं इनपुट. इथपर्यंतचं सगळं एकदा बेस क्लासमध्ये लिहिलं की सुटतं, त्यावरून शॅडो डॉम नाकारणं मला योग्य वाटत नाही.

माझ्यापुरता निर्णय केला तो एंटर कीने. साध्या फॉर्ममध्ये मजकूर लिहून एंटर दाबलं की फॉर्म सबमिट होतो. शॅडोतल्या इनपुटला मालक फॉर्मच नसल्याने तिथे एंटर दाबून काही घडत नाही. ‘कीडाउन’ इव्हेंट ऐकून फॉर्म सबमिट करणारं ‘रिक्वेस्टसबमिट’ बोलवावं, हे लगेच सुचतं. पण साध्या फॉर्ममध्ये एंटरवर ब्राउझर फॉर्मचं डीफॉल्ट बटण दाबतो, त्यामुळे त्या बटणाचं नाव आणि किंमतही सोबत जाते. नुसत्या ‘रिक्वेस्टसबमिट’ने ती जात नाही. म्हणजे बटण शोधून तेच आर्ग्युमेंट म्हणून द्यायला हवं. ते बटण डिसेबल असेल तर ब्राउझर सबमिट करत नाही, म्हणून तेही तपासायचं. आयएमईने (टाइप केलेल्या अक्षरांतून शब्द जुळवून देणाऱ्या साधनाने) लिहिताना शब्द पक्का करण्यासाठी दाबलेलं एंटर वगळायला ‘इजकंपोझिंग’ पाहायचं. सफारीत मात्र त्या क्षणी ते खोटं असतं, कारण ‘कंपोझिशनएंड’ आधीच होऊन गेलेलं असतं. तिथे कीकोड 229 आहे का हे पाहावं लागतं. टेक्स्टएरियाला यातलं काहीच लागू करायचं नाही. ब्राउझर जे फुकट देतो ते पुन्हा लिहायचं, आणि तेही अर्धवट उतरतं, हे मला पटत नाही.

साध्या डॉममध्ये इनपुट फॉर्मचंच असतं, त्यामुळे एंटर, ऑटोफिल, रीसेट आणि सीमेपलीकडचं ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ (सूचना इनपुटला जोडणारं ॲट्रिब्यूट) यांचा विचारच करावा लागत नाही. खाचखळगे इथेही आहेत. एलिमेंट डॉममध्ये हलवला की जोडणीच्या वेळी चालणारा ‘कनेक्टेडकॉलबॅक’ पुन्हा चालतो आणि लेबल दोनदा उमटतं, म्हणून ‘आधीच बांधलं’ अशी खूण ठेवा. स्क्रिप्ट हेडमध्ये साधी जोडली, तर टॅग उघडताच कॉलबॅक चालतो आणि आतली मुलं अजून आलेली नसतात. ‘डेफर’ किंवा मॉड्यूल वापरा. लेबलचा मजकूर ‘टेक्स्टकंटेंट’नेच घाला, ‘इनरएचटीएमएल’ने नको. आयडीसाठी मोजणीचा आकडा जोडा. स्लॉट मिळत नाहीत आणि पानाचं सीएसएस आत पोहोचतं, मात्र स्वतःच्याच साइटवर ते पोहोचलेलं बहुधा हवंच असतं.

परक्या साइटवर, अनोळखी सीएसएसमध्ये जाणारा कंपोनंट असेल तर शॅडो डॉमचा खटाटोप सार्थ ठरू शकतो. स्वतःच्या फॉर्मसाठी मी साध्या डॉमकडे झुकेन, आणि एचटीएमएल अगदी शून्यावर न आणता टॅगच्या आत लेबल आणि इनपुट या दोन ओळी राहू देईन. आयडी, सूचना आणि चूक सांगणारा संदेश कंपोनंटने जोडावा. स्क्रिप्ट आली नाही तरी लेबलच्या पोटात ठेवलेलं इनपुट आयडीशिवाय जोडलेलं राहतं आणि फॉर्म भरता येतो.