'घरी येऊन फिटिंग' डॅशकॅम : माझे २२,४२८ रुपये कसे गेले

आधी रक्कम सांगते, कारण प्रत्येक जण तीच विचारतो आणि ऐकून 'एवढेच ना' असं तोंड करतो. डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेला लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, ७,४९९. फिटिंग १,२००. हार्डवायर किट, म्हणजे कॅमेऱ्याला गाडीच्या बॅटरीतून करंट देणाऱ्या वायरी, ८५०. १२८ जीबीचं 'ओरिजिनल' मेमरी कार्ड १,४५०. तीन वर्षांची जादा वॉरंटी ९९९. पुढे 'बदली कॅमेऱ्याचा कुरिअर चार्ज' जीएसटीसकट १,१८०. गाडीची नवी बॅटरी ५,४००. वायरिंगची दुरुस्ती ३,८५०. बेरीज २२,४२८. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडाला तो यात धरलेला नाही.

मी अकाउंट्समध्ये काम करते. लोकांची बिलं, व्हाउचरं, जीएसटी नंबर तपासण्यात माझा दिवस जातो. तेव्हा 'दिसली जाहिरात की टाकले पैसे' अशातली बाई मला कोणी समजू नये.

डॅशकॅम हौस म्हणून घेतला नव्हता. आई नारायणगावला असते, त्यामुळे नाशिक-पुणे रस्ता मला चुकत नाही. उलट्या बाजूने बिनधास्त येणारे दुचाकीवाले, गळीत हंगामात संगमनेरच्या आसपास मागे साधा रिफ्लेक्टरही नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, चंदनापुरी घाटात ओव्हरटेक करणारे ट्रक. त्यात शहरात शिरलं की 'पायावरून चाक गेलं' म्हणत काच ठोकून पैसे उकळणारे वेगळेच. आणि काहीही झालं तरी जमलेल्या गर्दीचा निकाल आधीच तयार असतो : बाई चालवत होती ना, मग तिचीच चूक. कॅमेरा असला की निदान तोंड वाजवावं लागणार नाही, इतकाच माझा हिशेब.

जाहिरातीत सगळं होतं. पुढे ४के, मागे २के, सोनीचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप), जीपीएस, चोवीस तास पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग), छापील किंमत १८,९९९, आज फक्त ७,४९९, नाशिकमध्ये घरी येऊन फिटिंग. मार्चअखेर चालू होती. अकाउंट्सच्या माणसाला मार्चमध्ये दुकानं पालथी घालायला कुठून वेळ मिळणार? फोनवर जो बोलला त्याला विषय येत होता. जी-सेन्सर काय करतो विचारलं, तर म्हणाला धडक बसली की तेवढी फाइल लॉक होते, लूपमध्ये, म्हणजे जुन्यावर नवं रेकॉर्ड होताना, पुसली जात नाही. बरोबर आहे. लूपचा एकेक तुकडा किती मिनिटांचा? 'एक, तीन, पाच, तुम्हाला हवा तो ठेवू मॅडम.' तेही बरोबर. फसवणारा माणूस चुकीची माहिती देईल आणि आपण त्याला पकडू, या भ्रमात राहू नका.

जे त्याला विचारायला हवं ते तुम्ही विचारा : सेन्सरचा नंबर काय? 'सोनीचा' हे उत्तर होत नाही. आयएमएक्स ४१५ असेल तर तो साधारण ८ मेगापिक्सेलचा, ४के चित्राला तेवढेच लागतात, म्हणून त्यावर खरं ४के मिळतं. आयएमएक्स ३३५ असेल तर ५ मेगापिक्सेल, म्हणजे तिथलं ४के सॉफ्टवेअरने ताणलेलं. माझ्या डबीत निघाला २ मेगापिक्सेलचा. फाइलच्या माहितीत ३८४० × २१६० असंच दिसतं, कारण फाइल तेवढी बनवलेली असते, पण आत सगळं पाणी घालून वाढवलेलं ताक. दहा फुटांवरच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून कानशिलं तापतात.

फिटर आला, पंचविशीतला मुलगा, बोलायला अगदी गोड. 'ताई, गाडी सावलीत घेता का?' वगैरे. खोकं माझ्यासमोर फोडलं. कॅमेरा, मागचा कॅमेरा, वायरी, स्टिकर, सगळं त्यात. कार्ड मात्र त्याने शर्टाच्या खिशातून काढलं. पाकीट नाही, सील नाही, नुसतं कार्ड. मी पाहिलं. नुसतं पाहिलंच नाही, तर विचारलंसुद्धा, 'याचं पाकीट कुठंय?' तो म्हणाला, 'फॉरमॅट करूनच आणलंय ताई, तुमचा वेळ वाचावा म्हणून.' आणि मी? मी आत जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला. १,४५० रुपयांची वस्तू कोणाच्या तरी खिशातून निघते, आणि मी विचारतेय साखर किती. ऑफिसात बिनसहीचं व्हाउचर आलं तर मी ते टेबलावरून परत पाठवते, कोणाचंही असो. पण त्या मुलाने हात धुऊन सीटवर कापड घालून काम सुरू केलं होतं, आणि आपल्याकडे काम करणाऱ्या पोराला चोर समजायची पद्धत नाही. असो.

खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, छापील किंमत, काहीही नव्हतं. बाहेरून आलेल्या पाकीटबंद मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर फिटरला दारातूनच परत पाठवा, चहा वगैरे नंतर.

डेमो झकास झाला. होणारच. या नकली कार्डांची गंमत अशी की वर १२८ छापलेलं असतं आणि संगणकालाही १२८च दिसतं, कारण आतल्या कंट्रोलरला तसं खोटं सांगायला लावलेलं असतं. खरी जागा माझ्या कार्डात १६ जीबी निघाली. दोन्ही कॅमेरे चालू असले की जेमतेम दीड-दोन तासांचा माल. तेवढा भरेपर्यंत चित्र सुंदर. त्यापुढे फाइलींची नावं दिसतात, तारीख-वेळ दिसते, आकारही दिसतो, फक्त उघडत नाहीत. डेमोत कोण दोन तास बसणार आहे? कार्ड वेगळं घ्या, पक्क्या बिलावर, 'हाय एन्ड्युरन्स' (सतत रेकॉर्डिंग सोसणारं) लिहिलेलं, आणि कॅमेऱ्यात घालायच्या आधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. मॅक असेल तर एफ३. दोन्ही फुकट आहेत. कार्ड मोठं असेल तर वेळ लागतो, लागू द्या.

पैसे दिले ११,९९८, क्यूआर कोडवर. स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. 'भाऊचं खातं आहे, दुकानाच्या खात्याला लिमिट लागलीय.' बिल 'रात्री पाठवतो'. रात्री आलंही. त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघणं माझ्या हातचं दोन मिनिटांचं काम, पण बिल हातात येईपर्यंत पैसे जाऊन बसले होते, आणि मग मन म्हणतं, कशाला आता. पुढे बघितला तेव्हा नंबर खरा निघाला, फक्त परराज्यातल्या कापडाच्या व्यापाऱ्याचा. बिल हातात येईपर्यंत पिन दाबायचा नाही. लिहून चिकटवा कुठेतरी.

नंतर एका सकाळी गाडी सुरूच होईना. मेकॅनिक म्हणाला बॅटरी तीन वर्षांची झालीय, वय झालं तिचं. मला पटलं, कोणालाही पटलं असतं. ५,४०० दिले.

मग संगमनेरजवळ तो प्रकार. उलट्या बाजूने आलेल्या पिकअपने माझ्या डाव्या दारावर ओरखडा ओढला, चांगला हँडलपर्यंत. माणसं जमली. मी शांतपणे म्हटलं, 'भांडायचं कारण नाही, कॅमेऱ्यात सगळं आहे.' ड्रायव्हर नरमला होता, हात जोडायच्या बेतात होता. मी मोबाइलवर ॲप उघडलं. फाइल होती. वेळ बरोबर, तारीख बरोबर. दाबलं, उघडेना. आधीची दाबली, उघडेना. त्याच्याही आधीची, हिरवे-जांभळे चौकोन. पंधरा-वीस माणसं माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तो ड्रायव्हर हसला, आणि माझ्याचकडे आठ हजार मागायला लागला. दिले नाहीत, पण दार माझ्या विम्यातून करावं लागलं आणि ३५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस शून्यावर आला.

दाराच्या कामासाठी गाडी सर्व्हिस सेंटरला गेली तेव्हा उरलेलं बाहेर आलं. हार्डवायरच्या किटला तीन वायरी असतात : पिवळी कायम करंटची, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटची, काळी अर्थची. त्या फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप, म्हणजे मूळ वायर न कापता फ्यूजच्या जागेतून जोडणी देणारा तुकडा, लावून जोडायच्या. आमच्या कलाकाराने पिवळी आणि लाल एकत्र पिळून, गाडीच्या मूळ हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) एक वायर सोलून, तिला गुंडाळून वर टेप मारली होती. म्हणजे कॅमेरा कधी बंदच होत नव्हता. किटमध्ये बॅटरी उतरायला लागली की करंट तोडणारा लो व्होल्टेज कटऑफ असावा लागतो. ८५० रुपयांच्या त्या डबीत कटऑफ नव्हताच, नुसता १२ व्होल्टचे ५ करणारा चार्जर होता. बॅटरीचं वय झालं नव्हतं, रोज रात्री तिचं रक्त काढलं जात होतं.

आणि जे पाहून मी खरंच हबकले : काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरखाली वायर कर्टन एअरबॅगच्या, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या, वरून ओढलेली होती. एअरबॅग उघडते तेव्हा तिच्या वाटेत काही असता कामा नये. वायर तिच्या मागून न्यायची असते. पैशाचं सोडा, हे जिवावर बेतलं असतं. हार्नेस कापलाय म्हणून वायरिंगची वॉरंटी लागू नाही, असं लेखी देऊन त्यांनी ३,८५० घेतले. फिटरला आधी विचारा, 'फ्यूज टॅप आणलाय का?' 'गरज नाही' म्हणाला तर काम बंद.

विक्रेत्याला फोन केला तर नंबर बंद. बिलावरच्या 'कस्टमर केअर'ला केला, तो मात्र लगेच लागला. बाईचा आवाज, अतिशय नम्र. बदली कॅमेरा मिळेल, फक्त कुरिअर चार्ज १,००० अधिक १८ टक्के. भरले. दीर म्हणतात, 'वहिनी, तेव्हा तरी कळायला हवं होतं.' अकरा हजार नऊशे अठ्ठ्याण्णव अडकलेले असताना एक हजार एकशे ऐंशी टाकून ते सुटत असतील, तर माणूस टाकतो. भावजींनीही टाकले असते. वॉरंटीतल्या वस्तूसाठी आधी पैसे मागितले की ती दुसरी फसवणूक आहे, एवढं मला आता तोंडपाठ आहे.

आता आपली यंत्रणा. चौकीत गेले. हवालदार साहेबांनी कॅमेरा हातात घेतला, चार्जरला लावला. 'चालू होतोय की मॅडम. मग फसवणूक कसली?' मी म्हटलं, ४के सांगून दुसरंच दिलंय, कार्ड नकली आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम, जुनं ४२०. कलमाचं नाव काढल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. 'शिकलेल्या आहात ना? मग घेताना बघायचं.' नागरिकाला कायदा माहीत नसला तर अडाणी, माहीत असला तर आगाऊ. पैसे ऑनलाइन गेलेत म्हणून सायबरला पाठवलं. तिथे विचारलं, ओटीपी कोणी चोरला का? लिंक पाठवली का? नाही? मग हा ग्राहकाचा विषय. परत चौकी. साहेब बंदोबस्तावर. पुन्हा गेले, साहेब कोर्टात. पुन्हा गेले, साहेब आहेत पण जेवतायत. शेवटी अर्ज घेतला, पोच मागितली तर 'पोच कशाला, आम्ही कुठे पळून जातोय?' पोच हातात आल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही. एका तरुण शिपायाने हळूच विचारलं, 'दहा-बारा हजारांसाठी कशाला एवढं करताय?' अरे, दहा-बारा हजार म्हणूनच तर तो रोज नवीन गिऱ्हाईक कापतो! लाख घेतले असते तर तुम्ही उठला असतात. त्याला हे पक्कं माहीत आहे, म्हणून त्याचा भाव ७,४९९ आहे.

बँकेत तेच. 'पिन तुम्हीच टाकलाय.' अनधिकृत व्यवहार असता तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य. इथे मी माझ्या बोटाने पैसे पाठवले, म्हणून तो नियम मला लागू नाही. काउंटरवरच्या मुलीने हे सांगताना वर बघितलंही नाही. असं काही झालं तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत, आणि मग बाकीच्यांचे उंबरे झिजवा. ग्राहकांसाठी १९१५ आहे, पण तिथून तक्रार विक्रेत्याकडे पाठवतात, तो हुकूम नसतो. विक्रेत्याला पत्ताच नसेल तर पाठवणार कुठे?

म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि विक्रेता कुठलाही असला तरी आपल्या जिल्ह्यात दावा लावता येतो. कॅमेरा, खोकं, कार्ड, सोललेल्या वायरीचे फोटो, सर्व्हिस सेंटरचं पत्र, सगळं जपून ठेवा. कॅमेऱ्याचा व्हिडिओ पुढेमागे पुरावा म्हणून लागणार असेल तर कार्ड लगेच काढून ठेवा, व्हॉट्सॲपवरची कॉपी चालत नाही, मूळ फाइल आणि साक्ष अधिनियमाच्या ६३ कलमाचं प्रमाणपत्र मागतात. आणि हो, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत लिथियम बॅटरीचा कॅमेरा घेऊच नका, बॅटरीऐवजी सुपर कपॅसिटर (उष्णता सोसणारा, वीज साठवणारा भाग) असलेला मागा. माझा मे महिन्यातच फुगायला लागला होता.

आयोगाने विरुद्ध पक्षाला नोटीस काढली. ती 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आली आहे. आता पुढच्या तारखेआधी त्याचा खरा पत्ता मी शोधून द्यायचा आहे. पोलिसांना जो सापडत नाही, तो मी शोधायचा. क्यूआर कोडवरचं नाव आणि कापडाच्या व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर, एवढंच हातात आहे. त्या व्यापाऱ्याला पत्र टाकलंय. त्याच्या नंबरावर नाशकात डॅशकॅम विकले जातायत हे त्यालाही कळलेलं बरं.